शनिवारचे बाक

“अहो आजी, थांबा! तो ब्रश आधी खाली ठेवा. खाली ठेवा म्हणते ना!”

फाटकातून कोणी एवढ्या जोरात ओरडावे असे आपण काय करतो आहोत, ते एरोंदिनाला कळेना. ती अंगणात उकिडवी बसून सिमेंटचा जुना पत्रा तारेच्या ब्रशने घासत होती. शेजारी साबणाच्या पाण्याची बादली होती. घासून झालेले पत्रे तिने भिंतीला ओळीने टेकवून ठेवले होते आणि त्यांच्यावर शेवाळाचा ठिपकासुद्धा राहू दिला नव्हता.

“झालंच बघा,” ती म्हणाली. “एवढे दोनच राहिलेत. तुम्ही दुपारी येणार होतात ना?”

“सकाळीच येणार होतो. आणि कशाला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं.”

ओरडणारी बाई आत आली. अंगात डोक्यापासून पायापर्यंत पांढरा कागदी डगला, तोंडावर जाड मास्क, वर नुसते डोळे. तिच्यामागून तसाच डगला घातलेला एक उंच माणूस पाठीवर पाण्याचा पंप घेऊन आला. फाटकाबाहेर नगरपालिकेची गाडी उभी होती. विला बार्रेइरो वस्तीतल्या घराघरांतून ॲस्बेस्टॉसच्या वस्तू उचलून न्यायला ही गाडी फिरत होती, आणि पुन्हा कधी फिरेल याचा भरवसा नव्हता.

“हे धुवायला कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला पाहिजे कोणी? वस्तू घरातून बाहेर चालली. ती काय शेवाळासकट देऊ लोकांच्या हातात?”

“आजी, आम्ही हे पुरायला नेतोय,” उंच माणूस म्हणाला. “लग्नाला नाही.”

“पुरायला नेताना माणसालासुद्धा आंघोळ घालतात, बाबा.”

उंच माणसाचे नाव तोनिको. तो पंपाचा दट्ट्या हलवत राहिला.

एरोंदिनाचे चुकले होते खरे, पण तिच्या जागी विला बार्रेइरोतली कोणतीही बाई असती तर तीही असेच चुकली असती. इथे शेजारणीचे पातेले परत करायचे तर ते घासूनपुसून, वर चार केळी घालून परत करतात. चर्चला जुने कपडे द्यायचे तर आधी इस्त्री करतात, तुटलेली बटणे लावतात. कचऱ्याची पिशवीसुद्धा फाटकाबाहेर ठेवण्याआधी ओल्या फडक्याने पुसणाऱ्या बायका या वस्तीत आहेत, आणि एरोंदिना त्यांतलीच एक. घरातली घाण चारचौघांत दिसणे याहून मोठी नामुष्की तिला ठाऊक नव्हती.

पांढऱ्या डगल्यातली बाई तिच्यासमोर बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “घासलं ना, की त्यातला धागा सुटतो. डोळ्यांना दिसत नाही. पण छातीत जाऊन बसतो. तुम्ही ओलं घासलंत म्हणून थोडक्यात निभावलं. हे खाली जे करडं पाणी झालंय ना, ते वाळलं की उडणार.”

“छातीत जाऊन बसतो ते मला नको सांगूस, बाई,” एरोंदिना म्हणाली. मग त्या डोळ्यांकडे जरा निरखून पाहत तिने विचारले, “कोणाची गं तू?”

“नेऊझाची धाकटी. जुरासी.”

“शिवणकाम करायची ती नेऊझा? मग तुझे बाबा...”

“हो. तेसुद्धा.”

तो विषय तिथेच संपला. या वस्तीत तो असाच संपतो. हे पत्रे करणाऱ्या कारखान्याची धुराडी थंड पडून पंचवीसेक वर्षे झाली, पण त्याच्या साच्यांवर काम केलेली माणसे अजून एकेक करून जात आहेत, आणि कोण कशाने गेला हे कोणी कोणाला विचारत नाही.

जुरासीने एरोंदिनाच्या तोंडावर मास्क बांधला, तिचा ॲप्रन सोडवून घेतला आणि ब्रशासकट एका जाड पिशवीत टाकला. “ब्रश चांगला होता गं,” एरोंदिना मास्कमधून म्हणाली, पण ते कोणाला ऐकू गेले नाही. मग दोघांनी अंगणातले करडे पाणी ओल्या फडक्यांनी टिपून काढले आणि ती फडकीही त्याच पिशवीत गेली.

त्यानंतरचे काम तिने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पाहिले. भिंतीला टेकवलेले सुटे पत्रे गुंडाळून झाल्यावर तोनिकोने धुण्याच्या पडवीवरच्या पत्र्यांवर पाणी फवारले. मग एकेक खिळा कापून, अख्खाच्या अख्खा पत्रा, झोपलेले मूल उतरवावे तसा दोघांनी खाली उतरवला. कुठे आपटणे नाही, तोडणे नाही. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळला, चिकटपट्टी लावली, पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळला. पाण्याची टाकीही तशीच गेली. ही टाकी व्हाल्देमारने आणली तेव्हा शेजारीपाजारी बघायला आले होते.

व्हाल्देमार तिचा नवरा. जन्मभर कारखान्यात साच्यावर उभा राहिला. त्याला जाऊन तीन वर्षे झाली होती.

तीन वर्षे झाली होती म्हणजे सोलांजने या घरात शेवटचे पाऊल टाकले त्यालाही तीन वर्षेच झाली होती. सोलांज त्यांची एकुलती एक मुलगी. कुरितिबा शहरात एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती. बाबांना पुरून आल्यावर ती मधल्या खोलीत बसलीसुद्धा नाही. बॅग उचलली आणि जाता जाता फाटकात म्हणाली, “आई, हे सगळं जोवर या घरात आहे तोवर मी तैनाराला इथे आणणार नाही. सगळं म्हणजे सगळं.” सोलांजची मुलगी तैनारा तेव्हा नुकतीच बालवाडीत जाऊ लागली होती. आता ती फोनच्या काचेतून पडलेला दात दाखवते आणि लगेच कंटाळून पळून जाते. मागच्या महिन्यात गाडी फिरणार असल्याचे कळले तेव्हा एरोंदिनाने पहिले काम केले ते सोलांजला सांगण्याचे. सोलांज म्हणाली होती, “ते एकदा गेलं ना आई, की जुलैच्या सुट्टीत येऊ.” तेव्हापासून मधल्या खोलीतल्या पलंगावरची चादर एरोंदिनाने तीनदा बदलली होती.

“आता राहिलं काय?” जुरासीने विचारले.

“झालं की सगळं.”

“आणि ते?”

जुरासी अंगणाच्या कोपऱ्यात बघत होती. जाबुतिकाबाच्या झाडाखाली बाक होते.

“ते बाक आहे,” एरोंदिना म्हणाली.

“ते दिसतंय. कशाचं आहे?”

कशाचे आहे हे नेऊझाच्या मुलीने विचारावे! शनिवारी कारखाना अर्धा दिवस चाले. सुटताना हौदाच्या तळाशी उरलेला सिमेंट-ॲस्बेस्टॉसचा ओला लगदा सोमवारपर्यंत टिकत नसे, म्हणून मुकादम पाठ फिरवून उभा राही आणि माणसे त्याच्या वस्तू करीत. कोणी कुंड्या करी, कोणी कुत्र्याचे घर, कोणी धुण्याचा हौद. विला बार्रेइरोत असे घर नव्हते ज्यापुढे शनिवारचे बाक नाही. त्यांतही हातांत फरक. शेजारच्या बेलमिरोच्या कुंड्या इतक्या वाकड्या होत की त्यांत झाडसुद्धा तिरके वाढते असे लोक म्हणत. पण व्हाल्देमारच्या बाकाला पाठ होती, पाठीला नागमोडी काठ होता, आणि उजव्या हाताशी कॉफीचा कप बरोबर बसेल असा एक खळगा होता. एरोंदिना उजवीकडे बसायची. तो खळगा तिच्या कपासाठी होता. स्वतःचा कप तो जमिनीवर ठेवी आणि दर दोन दिवसांनी लाथेने उडवी.

“नोंदणी करताना याचं काही बोलल्या नव्हतात,” जुरासी म्हणाली.

“त्यांनी पत्रे विचारले. बसायच्या जागा नाही विचारल्या.”

तोनिको हसला. जुरासी हसली नाही. ती बाकाजवळ गेली, वाकून चारही पाय बघितले, काठावरून डोळे फिरवले.

“हे बघा आजी, मी जबरदस्ती करणार नाही. तडा नाही, फुटलेलं नाही. चांगले दोन हात रंग लावा, घासू नका, पाडू नका, तर राहील. पुष्कळांनी ठेवलीत. फक्त हा मागचा पाय कोपऱ्याला भुसभुशीत झालाय. आज ना उद्या तो सुटणार. आणि तेव्हा गाडी असेलच असं मी सांगू शकत नाही.”

भिंतीपलीकडून आवाज आला, “ठेवा हो वहिनी! काही होत नाही.”

बेलमिरो कधीचा भिंतीवर कोपरे टेकून बघत होता. व्हाल्देमारच्या शेजारच्या साच्यावर त्याने उमेदीची सगळी वर्षे काढली होती. आता दोन वाक्यांच्या मध्ये त्याला श्वास शोधावा लागे. त्याने आपली कुंडीसुद्धा दिली नव्हती. सकाळी गाडी त्याच्या दारात थांबली तेव्हा त्याने तोनिकोला सांगितले होते की माझ्या छातीत तुमच्या गाडीपेक्षा जास्त माल आहे, आधी तो उतरवा.

“भाऊजी, तुम्ही तुमच्या कुंड्या बघा,” एरोंदिना म्हणाली.

“कुंड्या बघतोच. पण संध्याकाळी... बसू कुठे मी?”

“घरी बसा. घर नाही का तुम्हाला?”

“घरी कोण... कॉफी देतं?”

हा रोजचाच खेळ होता, आणि रोज संध्याकाळी तो याच बाकावर चाले. बेलमिरो व्हाल्देमारच्या जागेवर बसे. बोलणे फारसे नसे. कोणाची सून भांडून गेली, कोणाचा खोकला वाढला, एवढ्यावर अंधार पडे. कधी रस्त्याने जाणारी एखादी बाई बाक रिकामे बघून टेकायची. एरोंदिनाच्या घरात यायला कोणाला काही कारण लागले असते, पण बाकावर बसायला कारण लागत नसे. ते गेले तर आपल्या अंगणात कोण कशाला थांबेल, हा विचार तिच्या मनात आला.

तिने जुरासीला विचारले, “तुझ्या लेकराला तू या बाकावर बसवशील?”

“रंग दिला तर बसवेन,” जुरासी म्हणाली. मग म्हणाली, “नाही. नाही बसवणार.”

“मग ने.”

“विचार करा, आजी. आम्ही आधी पलीकडच्या गल्लीत जाऊन येतो.”

“विचार केला. सगळं म्हणजे सगळं, असं ठरलंय आमचं. ने तू.”

बेलमिरो भिंतीवरची कोपरे उचलून सरळ उभा राहिला.

बाक जड होते. तोनिकोने त्याच्यावर पाणी फवारायला सुरुवात केली तशी एरोंदिना दारातून खाली उतरली. “मी करू?” तिने विचारले. जुरासीने ‘नको’ म्हणायला तोंड उघडले होते, पण मग तिने गाडीतून एक कागदी डगला आणून एरोंदिनाला तिच्या झग्यावरूनच घातला आणि फवाऱ्याची नळी तिच्या हातात दिली. एरोंदिनाने पाठीवर पाणी मारले, काठावर मारले, पायांवर मारले. खळग्यात पाणी साठले ते तिने हाताने काढले नाही. काढायचे नाही असे सांगितले होते. हात शिवशिवत होते, पण तिने काही घासले नाही.

बाक आडवे केले तेव्हा खालच्या बाजूला तिला बोटांचे ठसे दिसले. व्हाल्देमारने वरची बाजू आरशासारखी गुळगुळीत केली होती, पण खालची कोण बघणार म्हणून नुसतीच हाताने दाबून सोडली होती. इतक्या वर्षांत तिने हे बाक वरून, मागून, काठांवरून पुसले, पण उलटे कधी केले नव्हते. पाची बोटे होती, अंगठा जरा बाहेर वळलेला. ती बघत राहिली. तोनिको प्लास्टिक धरून उभा होता. तोही बिचारा उभाच राहिला, घाई केली नाही.

“गुंडाळा,” ती म्हणाली.

बाक गाडीत चढताना बेलमिरोने डोक्यावरची टोपी काढून भिंतीवर ठेवली. मग कोणाचे लक्ष आहे असे वाटून त्या टोपीनेच वारा घेतल्यासारखे केले.

एरोंदिनाने सकाळीच मक्याच्या पिठाचा केक भाजून ठेवला होता, कॉफीही गाळून थर्मासात भरली होती. पण डगले घातलेल्या माणसांना त्या अंगणात खायला-प्यायला बंदी होती, आणि डगले उतरवून बसायला त्यांना वेळ नव्हता. पुढच्या गल्लीत चार घरे बाकी होती. जुरासीला वाईट वाटले असावे. एरोंदिनाचा डगला आणि मास्क पिशवीत टाकून फाटकापाशी ती वळून म्हणाली, “आत्ता लगेच आंघोळ करा, डोक्यावरून. अंगावरचा झगा झटकू नका. तसाच ओला करून भिजवा आणि वेगळा धुवा, इतरांच्या कपड्यांत मिसळू नका. लक्षात राहील ना?”

“राहील. आईला सांग, विचारलं म्हणून.”

“आई गेली, आजी. दोन वर्षं झाली.”

“अगंबाई,” एरोंदिना म्हणाली. दोन गल्ल्या सोडून राहणारी नेऊझा गेली आणि आपल्याला कळलेसुद्धा नाही. गाडी गेल्यावरही ती थोडा वेळ फाटक धरून उभी होती. मग केकचा अर्धा भाग फडक्यात बांधून तिने भिंतीवरून बेलमिरोला दिला.

“एवढा कशाला?” बेलमिरो म्हणाला.

“खा. संध्याकाळी आत येऊन बसा. स्वयंपाकघरात खुर्ची आहे.”

“हो, येतो की,” तो म्हणाला. पण विधवा बाईच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचा त्याचा स्वभाव नव्हता, आणि हे दोघांनाही पक्के माहीत होते. केक घेऊन तो आत गेला.

आंघोळ करायची होती, पण तिला दम निघाला नाही. कुठे टेकायला नको म्हणून ती उभ्यानेच फोनपाशी गेली आणि सोलांजच्या दवाखान्याचा नंबर लावला.

“आई? काय झालं? बरी आहेस ना?”

“बरी आहे गं. गाडी येऊन गेली.”

“कसली गाडी?”

“नगरपालिकेची! नेलं सगळं. पत्रे नेले, टाकी नेली. नवी प्लास्टिकची टाकी उद्या बसवतील, तोवर नळ थेट रस्त्याच्या पाइपाला जोडून दिलाय. नेऊझाची मुलगी होती कामावर, फार चांगली पोरगी.”

“अरे वा! खरंच?” सोलांजचा आवाज एकदम लहानपणीसारखा झाला. “मास्क लावला होतास ना तू?”

“लावला. बाकसुद्धा दिलं.”

तिकडे मागे कुठेतरी दात कोरायचे यंत्र गुणगुणत होते.

“बाकसुद्धा?”

“तूच म्हणाली होतीस ना. सगळं म्हणजे सगळं.”

“हो,” सोलांज म्हणाली. “मीच म्हणाले होते.”

“मग जुलैत कधी लागते सुट्टी? मधली खोली तयार आहे. ओल्या फडक्यानं पुसून घेतलीय हं, झाडू नाही मारला. तैनाराला तो मक्याचा केक आवडतो का गं? का हल्लीच्या मुलांना...”

“आई. एक सांगू? रागावू नकोस.”

“सांग की.”

“मला वाटायचं, ते पत्रे गेले की मला येता येईल. खरंच वाटायचं. पण आत्ता तू सांगितलंस ना, तर पहिला विचार हाच आला, आता काय कारण सांगू.” मागच्या यंत्राचा आवाज दार लोटल्यासारखा बंद झाला. “पत्र्यांचं नव्हतंच गं ते. त्या घरात पाऊल टाकलं की मला बाबांचा खोकला ऐकू येतो. मधल्या खोलीतून. शेवटी शेवटी होता तो.”

मलाही येतो, हे एरोंदिनाच्या अगदी ओठांवर आले होते. तिला तो रोज पहाटे ऐकू येई. जाग येताच ती पडल्या पडल्या म्हणे, “उठलात का?” आणि उठून कॉफीचे पाणी ठेवी. त्या घरात तेवढाच एक आवाज तिच्या सोबतीला होता. पण ज्याला भिऊन मुलगी घर सोडून पळाली त्याच्याच सोबतीने आई दिवस काढते, हे फोनवर कसे सांगायचे? तिने ते गिळून टाकले.

“हो का,” ती म्हणाली.

“जुलैचं बघते मी. नक्की सांगत नाही. पण बघते.”

“बघ. घाई नाही काही.”

“तूच ये ना इकडे. आठ दिवस.”

“बघते,” एरोंदिना म्हणाली.

फोन ठेवून ती न्हाणीघरात गेली. जुरासीने सांगितल्याप्रमाणे आधी झग्यासकट अंगावर पाणी घेतले, मग झगा उतरवला, डोक्यावरून आंघोळ केली. दुसरा झगा घालून, केसांना पंचा गुंडाळून ती ओला झगा घेऊन धुण्याच्या पडवीत आली. पडवीवर आता छप्पर नव्हते. इतकी वर्षे अंधारात असलेला हौद उन्हात अगदी उघडा दिसत होता.

वेगळा धुवायचा होता. इतरांच्या कपड्यांत मिसळायचा नव्हता. म्हणून तिने आधी धुण्याची टोपली ओढली, त्यातले कपडे बाजूला काढून ठेवावेत म्हणून. टोपलीत काही नव्हते. कालचे तिचे स्वतःचे दोन कपडे तिने कालच धुतले होते.

या हौदात व्हाल्देमारचे कारखान्याचे निळे कपडे दर शनिवारी भिजत. आधी ती ते भिंतीवरून जोरजोरात झटकायची, पिठासारखी धूळ पडायची, आणि मग सोलांजचा शाळेचा पांढरा ब्लाउजही त्याच पाण्यात टाकायची, कारण पाणी लांबून आणावे लागे आणि साबण वाया घालवणे तिला ठाऊक नव्हते. तेव्हा वेगळे धुवा असे कोणी सांगितले नाही. सांगितले असते तर तिने धुतले असते. बादलीभर पाणी जास्त आणले असते, त्यात काय मोठे.

तिने नळ सोडला. झगा एकटाच भिजवला, हलक्या हाताने चोळला, दोन पाण्यांतून काढला. पिळून झाल्यावर सवयीने तो झटकायला हात वर गेले, ते तिने खाली घेतले. मग न झटकलेला, पाणी गळणारा तो झगा तिने दोरीच्या मधोमध टाकला, दोन्ही बाजूंना खूप जागा सोडून, आणि नीट चिमटे लावले.